१७४३४४५८०० म्हणजे किती वाजले? दुकानदाराची तारीख आणि कॉम्प्युटरचे सेकंद



बिलिंग ॲपमधून किंवा तुमच्या छोट्याशा वेबसाइटवरून ऑर्डरची फाइल डाउनलोड केली, एक्सेलमध्ये उघडली आणि तारखेच्या रकान्यात १७४३४४५८०० असा दहा आकडी नंबर दिसला, असं तुमच्याकडे झालंय का? बऱ्याच जणांना तो मोबाइल नंबर वाटतो. एका ताईंनी तर खरंच तो नंबर लावून पाहिला होता.

तो मोबाइल नंबर नाही, ती तारीख आहे. १ एप्रिल २०२५, रात्रीचे बरोबर १२. म्हणजे ज्या सेकंदाला आपलं २०२५-२६ चं आर्थिक वर्ष सुरू झालं, तो सेकंद. व्हिडिओत फॉर्म्युले स्क्रीनवर पटापट पुढे गेले, म्हणून इथे सावकाश लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, शक्य असेल तर एक्सेल उघडूनच बसा.

कॉम्प्युटरला सोमवार कळत नाही, एप्रिल कळत नाही, फेब्रुवारीचे अठ्ठावीस-एकोणतीस त्याला कटकटीचे वाटतात. त्याला मोजता येतं, तेवढंच. म्हणून युनिक्स नावाची प्रणाली बनवणाऱ्यांनी एक सोपा रस्ता काढला: एक दिवस शून्य धरायचा आणि तिथून सेकंद मोजत राहायचं. शून्य धरला १ जानेवारी १९७०, मध्यरात्र. पण ही मध्यरात्र आपली नाही, जागतिक प्रमाणवेळेची, म्हणजे यूटीसीची. त्या क्षणी उमरेडमध्ये सकाळचे साडेपाच वाजले होते. या सेकंदांच्या आकड्याला टाइमस्टॅम्प म्हणतात. आजही तुमचा अँड्रॉइड फोन, बँकेचा सर्व्हर, पेमेंट कंपनीची यंत्रणा, सगळे आतून हेच सेकंद मोजतात. आपल्याला दिसते ती तारीख हा वरचा मुलामा.

हे "साडेपाच" लक्षात ठेवा. आजच्या लेखातला अर्धा त्रास या साडेपाचमुळे आहे.

सोमवारी हजार रुपये कमी

आमच्या बॅचमध्ये एक जोडपं होतं. बसस्टँडकडे त्यांचं चहा आणि तर्री-पोह्याचं दुकान. पहाटे साडेचारला भट्टी पेटते, कारण खाणीच्या पहिल्या पाळीला जाणारे आणि नागपूरची पहिली एसटी पकडणारे यांचा धंदा त्याच वेळेचा. मंगळवारी दुकान बंद. सोमवारी दादा माल आणायला नागपूरला जातात, तेव्हा गल्ल्यावर त्यांचा कामाचा पोरगा एकटा असतो.

त्यांच्या भाच्याने हौसेने एक बिलिंग ॲप बसवून दिलं. त्यातून फाइल काढायची, एक्सेलमध्ये टाकायची, रोजची यूपीआयची बेरीज करायची आणि पोराने वहीत लिहिलेल्या यूपीआयच्या आकड्याशी जुळवायची. पद्धत चांगलीच आहे, मी स्वतः हेच शिकवतो. पण आकडे जुळेनात. इतर दिवशी शंभर-दोनशे कधी जास्त, कधी कमी. सोमवारी मात्र दर आठवड्याला हजार-अकराशे कमीच. वहीत ७,२६० लिहिलेले, फाइलमध्ये ६,१२०.

"सर, हिशोब जुळूनच नाही राहिला. मी नसलो का बरोबर हजार रुपये जाते."

आता त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? ग्राहकाने रोख दिली, पोराने ती खिशात घातली आणि वहीत यूपीआय लिहून मोकळा झाला. त्यांनीही तेच समजलं. पोराचा पंधरा दिवसांचा पगार अडवून ठेवला होता आणि पहिल्या तारखेपासून येऊ नको असं सांगायचं ठरलं होतं. पोरगा रडकुंडीला, वहिनींचा जीव वर-खाली, कारण पोरगा त्यांच्या माहेरच्या गावचा.

मी फाइल मागितली. मला पहिली खटकली ती सोमवारची नाही, मंगळवारची ओळ. मंगळवारी विक्री १,०८५ रुपये. दुकान बंद, कुलूप लावलेलं, आणि विक्री? मग महिन्याची बेरीज पाहिली. महिन्याची बेरीज वहीशी जवळपास जुळत होती. चोरी झाली असती तर महिन्यात चार-पाच हजारांचा खड्डा दिसायला हवा होता. तो नव्हता. पैसे गेलेले नव्हते, तारखा सरकल्या होत्या.

झालं असं होतं. ॲपच्या फाइलमध्ये वेळ सेकंदांत होती. भाच्याने इंटरनेटवरून एक फॉर्म्युला उचलला, तो बरोबरच होता, पण तो यूटीसीची वेळ देणारा. त्यात आपले साडेपाच तास मिळवायचे राहिले. त्यामुळे पहाटे साडेचार ते साडेपाच या तासातली सगळी विक्री आदल्या दिवसाच्या नावावर जात होती. बुधवारी पहाटेचे पोहे मंगळवारच्या खात्यात, म्हणून बंद दुकानाची विक्री. इतर दिवशी आपला एक तास मागे जायचा आणि उद्याचा एक तास आपल्यात यायचा, म्हणून फरक शंभर-दोनशेचा. सोमवारचा पहाटेचा तास मात्र रविवारला गेला आणि मंगळवारकडून काहीच आलं नाही, कारण मंगळवारी दुकानच बंद. म्हणून कमी पडायचे ते नेमके सोमवारीच, दादा नागपूरला गेलेले असताना.

फॉर्म्युल्यात एक आकडा मिळवला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सोमवारचे ६,१२० चे ७,२६० झाले. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. पगार त्याच संध्याकाळी दिला.

तुमचं दुकान दहाला उघडून नऊला बंद होत असेल तर ही चूक तुमच्याकडे कधी दिसणारच नाही, हेही सांगतो. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेतच तारीख चुकते. दूधवाले, पेपरवाले, हारफुलांवाले, पहाटेच्या चहा-नाश्त्याचे गाडे, आणि ज्यांना रात्री उशिरा ऑनलाइन ऑर्डर येतात ते सगळे, तुम्ही मात्र सावध राहा. त्यातही ३१ मार्च. १ एप्रिलच्या रात्री १२ वाजून २० मिनिटांनी आलेली ऑर्डर चुकीच्या शीटमध्ये ३१ मार्च, संध्याकाळी ६:५० अशी दिसते. म्हणजे बिल नव्या सिरीजचं आणि तारीख जुन्या वर्षाची. जीएसटीचं रिटर्न भरताना मार्च आणि एप्रिल दोन्ही महिने बिघडतात, आणि सीएंचा फोन येतो तो वेगळाच.

आता फॉर्म्युला

एक्सेल सेकंद मोजत नाही, ते दिवस मोजतं. १ जानेवारी १९०० ला त्याने १ नंबर दिला आणि तिथून पुढे रोज एक. त्या हिशोबाने १ जानेवारी १९७० चा नंबर येतो २५५६९. दिवसात सेकंद ८६,४००. साडेपाच तासांत सेकंद १९,८००. हे तीन आकडे पाठ करा, बस. बीबीएला तीन वर्षं काढली, स्टॅटिस्टिक्सचे दोन पेपर दिले, पण हे तीन आकडे कोणी सांगितले नाहीत; आणि दुकानात वापरात आले ते हेच.

समजा सेल ए२ मध्ये टाइमस्टॅम्प आहे. शेजारच्या सेलमध्ये लिहा:

=(ए२+१९८००)/८६४००+२५५६९

इथे मी मराठीत लिहिलंय, टाइप करताना अक्षर आणि आकडे इंग्रजी कीबोर्डवरचेच घ्या. एंटर मारल्यावर ४५७४८ सारखा काहीतरी आकडा दिसेल. घाबरू नका, ती तारीखच आहे, फक्त कपडे घातलेले नाहीत. फॉरमॅट सेल्समध्ये जाऊन डेट निवडा. वेळही हवी असेल तर कस्टममध्ये तारीख आणि वेळ दोन्ही असलेला प्रकार निवडा.

हातानेही करून बघा, विश्वास बसतो. १७४३४४५८०० मध्ये १९८०० मिळवले, १७४३४६५६०० झाले. भागिले ८६४००, बरोबर २०१७९. म्हणजे १९७० पासून २०,१७९ दिवस झाले. त्यात २५५६९ मिळवले, ४५७४८. एक्सेलच्या भाषेत हीच १ एप्रिल २०२५.

रोजची बेरीज करायची असेल तर वेळेचा भाग कापून टाकावा लागतो, नाहीतर पिव्होट टेबलमध्ये प्रत्येक बिलाची वेगळी ओळ येते. त्यासाठी हाच फॉर्म्युला इंट या फंक्शनच्या कंसात टाका. इंट म्हणजे दशांशानंतरचं सगळं उडवणं. पण आधी १९८०० मिळवा, मग कापा. आधी कापून मग मिळवलं तर पहाटेची विक्री पुन्हा कालच्या वहीतच जाईल.

गुगल शीट वापरणाऱ्यांसाठी एक तयार फंक्शन आहे, इपॉक-टु-डेट, सलग एकच शब्द. सोपं आहे, पण तेही यूटीसीचीच वेळ देतं. त्यामुळे ए२ च्या जागी ए२+१९८०० द्या.

आकडा दहा अंकी असेल तर सेकंद. तेरा अंकी असेल तर मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. तेव्हा ए२ च्या जागी ए२/१००० घ्या. हे विसरलात तर एक्सेल तारीखच दाखवत नाही, नुसते #### येतात. तेरा अंकी आकड्याची अजून एक खोड सांगतो, कारण इथे डेटा कायमचा जातो. एक्सेल इतका मोठा आकडा पूर्ण न दाखवता १.७४३४५ई+१२ असा आखडून दाखवतं. तुम्ही तशीच फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की तो आखडलेला आकडाच सेव्ह होतो, शेवटचे अंक परत मिळत नाहीत. सेव्ह करण्याआधी तो रकाना नंबर फॉरमॅटमध्ये, शून्य दशांशावर न्या. आणि मूळ डाउनलोड केलेली फाइल कधीच उघडून सेव्ह करू नका, आधी कॉपी काढा. मी माझ्या दुकानात "मूळ" नावाचा एक फोल्डरच ठेवलाय, त्यातल्या फाइलला कोणी हात लावत नाही.

यादीत मुंबई नाही, नागपूरही नाही

वेबसाइट किंवा ॲप बसवताना टाइम झोन विचारतं. पुष्कळ जण यादीत मुंबई शोधतात, सापडत नाही म्हणून तसंच पुढे जातात, आणि सेटिंग यूटीसीवर राहतं. मित्रांनो, बहुतेक यंत्रणांच्या यादीत भारताचं नाव "एशिया/कोलकाता" असंच आहे. डोळे झाकून तेच निवडा. विंडोजमध्ये मात्र चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली अशी चार नावं एकत्र दिसतात. झिरो माईल आपल्या नागपुरात असला तरी घड्याळाच्या यादीत आपण नाही.

यामागे थोडा इतिहास आहे, आणि तो आपल्या महाराष्ट्राचा आहे म्हणून सांगतो. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. पण मुंबईने ती पटकन स्वीकारली नाही. तिथली "मुंबई वेळ" वेगळी होती, जागतिक वेळेच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. त्या काळी मुंबईत या बदलाला मोठा विरोध झाला, गिरणी कामगारांपासून नगरपालिकेपर्यंत. रेल्वे एका वेळेवर आणि शहर दुसऱ्या वेळेवर, असं १९५५ पर्यंत चाललं. कोलकात्याने आपली वेगळी वेळ १९४८ मध्ये सोडली. विचार करा, त्या काळी मुंबईतल्या व्यापाऱ्याने "दुपारी चारला माल पोचवतो" असं पत्र लिहिलं तर चार म्हणजे कोणाचे चार, हे आधी ठरवावं लागत असेल.

तसं पाहिलं तर आपल्या उमरेडचा सूर्यही घड्याळाप्रमाणे चालत नाही. प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण ७९.३ च्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य साधारण बारा-तेरा मिनिटं मागे. पण बिलावर सूर्य छापत नाहीत, घड्याळ छापतात. टाइमस्टॅम्पचा फायदा हाच, की तो कोणाच्या गावाचा नसतो. दुबईतल्या तुमच्या ग्राहकाने ऑर्डर टाकली तरी तो एकच आकडा. तिथे दीड तास मागची वेळ दिसते आणि इथे आपली.

५ एप्रिल की ४ मे?

सेकंदांचा आकडा निदान ओळखू तरी येतो. त्याहून वाईट दुखणं म्हणजे तारीख दिसायला अगदी बरोबर, पण आतून चुकलेली. तुमच्या कॉम्प्युटरची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल, आणि नवीन लॅपटॉपवर पुष्कळदा तीच असते, तर ०५/०४/२०२५ ला एक्सेल ४ मे समजतं. २५/०४/२०२५ ला मात्र ते गप्प राहतं, कारण पंचविसावा महिना नसतो. ती तारीख साधा मजकूर म्हणून पडून राहते. म्हणजे प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतले अकरा दिवस चुकीच्या महिन्यात जातात. बारावा वाचतो, कारण ४ एप्रिल उलटा केला तरी ४ एप्रिलच. बाकीचे दिवस बेरजेतच येत नाहीत.

ओळखायचं कसं? रकाना मोठा करा आणि बघा. खऱ्या तारखा उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की समजा, घोळ झालाय. उपाय दोन. विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये इंग्लिश (इंडिया) निवडा, हा कायमचा. आणि हातातल्या फाइलसाठी: फाइल डबल क्लिक करून उघडू नका, एक्सेलच्या डेटा मेनूतून आणा आणि तारखेच्या रकान्याला डीएमवाय, म्हणजे दिवस-महिना-वर्ष, असं सांगा. डबल क्लिकने उघडली की एक्सेल तुम्हाला न विचारता ठरवून मोकळं होतं, नंतर दुरुस्त करणं डोकेदुखी.

फाइलची नावं ठेवताना मात्र उलटं लिहा, वर्ष-महिना-दिवस: विक्री-२०२५-०४-०१. मग फोल्डरमध्ये आपोआप क्रमाने लागतात. टॅलीच्या एक्सएमएल फाइलमध्ये तारीख २०२५०४०१ अशी सलग दिसते, ती याच कारणाने. तो टाइमस्टॅम्प नाही, आठ अंक आहेत, सरळ वाचा.

तारखांची वजाबाकी-बेरीज हा एक्सेलचा सगळ्यात मोठा उपयोग, आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा. तुम्ही उद्यम नोंदणी असलेले छोटे उत्पादक असाल, पापड, मसाले, पत्रावळी काहीही, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे मोठ्या खरेदीदाराने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात, करार नसेल तर १५. माल स्वीकारल्याची तारीख बी२ मध्ये असेल तर =बी२+४५ इतकंच. पुढच्या रकान्यात आजची तारीख वजा करा, किती दिवस उरले ते समोर. भिवापुरी मिरचीची पावडर शहरातल्या दुकानांना देणाऱ्या एका ताईंनी हा रकाना लाल-हिरवा करून ठेवलाय. त्या फोन करतात तेव्हा समोरचा म्हणतो, तुम्हाला तारीख बरी पाठ!

बेस्ट बिफोर काढताना मात्र १८० मिळवू नका. १० जानेवारीत १८० मिळवले तर ९ जुलै येते, सहा महिने म्हणजे १० जुलै. त्यासाठी ई-डेट फंक्शन आहे, महिने मोजतं. औषधाच्या पट्टीवर फक्त महिना आणि वर्ष असेल तर तो महिना संपेपर्यंत चालतं, त्याची शेवटची तारीख काढायला ईओ-मंथ.

तान्हा पोळ्याची ऑफर

आता उलटा प्रवास. कधी कधी तुम्हाला तारीख देऊन सेकंद काढावे लागतात. पेमेंट लिंक कधी बंद व्हावी, वेबसाइटवरचा ऑफरचा काउंटडाउन कधी शून्यावर यावा, असं विचारणाऱ्या जागा टाइमस्टॅम्पच मागतात.

माझं दुकान स्टेशनरी आणि गिफ्टचं. तान्हा पोळ्याला लाकडी बैल, झूल, तोरणं यांचा धंदा असतो. २०२५ मध्ये तान्हा पोळा २३ ऑगस्टला होता. ऑफर त्या रात्री बाराला संपवायची, म्हणजे २४ ऑगस्ट ००:०० च्या एक सेकंद आधी. ए२ मध्ये २४ ऑगस्ट २०२५ लिहा आणि:

=(ए२-२५५६९)*८६४००-१९८००-१

उत्तर १७५५९७३७९९. इथे १९८०० वजा होतात, कारण आपण आपल्या वेळेकडून जागतिक वेळेकडे चाललोय. हे वजा केलं नाही तर ऑफर पहाटे साडेपाचपर्यंत चालू राहते. दहा टक्के सुटीत काही बैल जास्त विकले गेले तर फार बिघडत नाही म्हणा. पण पेमेंट लिंकवर आगाऊ बुकिंगचा जुना भाव असेल आणि सोन्या-चांदीसारखा रोज भाव बदलणारा माल असेल, तर ते साडेपाच तास महागात जातात. आकडा टाकण्याआधी नेहमी पहिल्या फॉर्म्युल्याने उलटा तपासा. २३ ऑगस्ट, रात्री ११:५९:५९ दिसलं पाहिजे.

जाता जाता दोन ओळखीच्या तारखा. रिपोर्टमध्ये कुठे ०१-०१-१९७०, ०५:३० दिसलं तर १९७० सालचा ग्राहक शोधत बसू नका. तिथे तारीख रिकामी आहे, आकडा शून्य आहे. आणि जुनी यंत्रं, जी सेकंद ३२ बिटच्या खणात साठवतात, त्यांचा खण १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतो. पुढच्या सेकंदाला ती थेट १९०१ सालात जातात. नवीन कॉम्प्युटर आणि फोनमध्ये हा प्रश्न सोडवलेला आहे. तुमच्या दुकानातलं हजेरीचं मशीन, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, स्वस्तातलं बिलिंग मशीन, ही बारा-पंधरा वर्षं वापरायच्या विचाराने घेत असाल तर विकणाऱ्याला एकदा विचारा. तोपर्यंत निदान आज संध्याकाळी डीव्हीआरचं घड्याळ मोबाइलशी जुळवून बघा. चोरी झाली आणि फुटेजवर वेळ दोन तास चुकीची असली, की ते फुटेज दाखवताना तुम्हीच अडचणीत येता.

दिवाळी ३८३ दिवसांनी

टाइमस्टॅम्पला तिथी कळत नाही. तो सूर्याचे दिवस मोजतो, आपला बाजार चालतो चंद्रावर. २०२४ मध्ये तर अमावस्या ३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर अशी दोन्ही संध्याकाळी पसरली आणि लक्ष्मीपूजन नेमकं कधी यावर देशभर वाद झाला. आपल्याकडे १ नोव्हेंबर धरलं, शेअर बाजाराचं मुहूर्ताचं ट्रेडिंगही त्याच संध्याकाळी सहा ते सात झालं. कॉम्प्युटरच्या हिशोबाने ते सुरू झालं १७३०४६४२०० ला. पण "लक्ष्मीपूजन" असं लिहून हा आकडा कुठल्याही फॉर्म्युल्यातून येणार नाही. दरवर्षी कॅलेंडर बघून तुम्हालाच तारीख टाकावी लागते.

टाका, कारण खरी गंमत त्या तारखांच्या वजाबाकीत आहे. लक्ष्मीपूजन २०२३ ला १२ नोव्हेंबर, २०२४ ला १ नोव्हेंबर, २०२५ ला २१ ऑक्टोबर, २०२६ ला ८ नोव्हेंबर. एक्सेलमध्ये वजा करा: पहिलं अंतर ३५५ दिवस, दुसरं ३५४, तिसरं ३८३. तिसरं इतकं मोठं, कारण २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून.

म्हणजे दोन दिवाळ्यांच्या मध्ये जवळपास एक महिना जास्तीचा. भाडं, पगार, लाइट बिल त्या महिन्याचंही द्यायचंय, आणि अधिक महिन्यात लग्नं नाहीत. कपडे, भांडी, मंडप, केटरिंगवाल्यांनी हे आत्ताच वहीत लिहून ठेवा. जावयाला वाण देण्याचा मोसम असतो म्हणून चांदी आणि अनारशाच्या पिठाला तेवढी मागणी येते, पण ती सगळ्यांना पुरणारी नाही.

आणि "मागच्या ऑक्टोबरपेक्षा या ऑक्टोबरला धंदा किती वाढला" हे बघणं बंद करा. लक्ष्मीपूजनाच्या आधीचे पंधरा दिवस धरा, माझ्या दुकानात खरी गर्दी तेव्हाच असते. त्यातले ऑक्टोबर २०२३ मध्ये चारच दिवस आले, २८ पासून ३१. ऑक्टोबर २०२४ आणि २०२५ मध्ये पूर्ण पंधरा. ऑक्टोबर २०२६ मध्ये आठ. महिन्याची तुलना करणारा माणूस २०२४ ला म्हणाला असेल, वा, काय वाढ झाली. आणि २०२६ ला म्हणेल, धंदा बसला. दोन्ही वेळा दुकान तेच, गिऱ्हाईक तेच.

त्यापेक्षा असं करा. विक्रीच्या शीटमध्ये एक रकाना वाढवा, नाव द्या "दिवाळीला किती दिवस". त्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाच्या तारखेतून बिलाची तारीख वजा करा. मग १५ ला १५ शी, १४ ला १४ शी जुळवा. २०२४ ची १७ ऑक्टोबर, २०२५ ची ६ ऑक्टोबर आणि २०२६ ची २४ ऑक्टोबर एका ओळीत येतात. पणत्यांची ऑर्डर मी या रकान्यावरूनच देतो: १५ पासून १० पर्यंत तुरळक, ९ पासून वाढ, ४ पासून ० पर्यंत माल हाताशी हवा. तुमच्या धंद्याचे आकडे वेगळे येतील, म्हणून माझे उचलू नका. मागच्या दोन वर्षांची बिलं काढा, टाइमस्टॅम्प असतील तर वरच्या फॉर्म्युल्याने तारखा करा, १९८०० मिळवायला विसरू नका, आणि हा रकाना भरून बघा.